पूर्ण टेकलेलं पाऊल

शिशाचं ते अक्षर एक्स-रेच्या प्लेटच्या कडेला ठेवलेलं, सान्वीच्या अंगठ्याच्या नखाएवढं... इंग्रजी आर, उजव्या पायाची खूण. कल्पिता त्याच्याकडेच बघत राहिली, कारण लेकीच्या पायाकडे बघवत नव्हतं. एवढंसं अक्षर, आणि म्हणे किरणसुद्धा त्याच्यातून पार होत नाहीत. मीही अशीच झाले होते का – एप्रिलपासून?

"ताई, प्रेग्नंट नाही ना? मग हा शिशाचा एप्रन घाला," एक्स-रे काढणारा विकी म्हणाला. "बेबीला उभी धरा. वजन आलं की हाड नीट दिसतं. मग डावा पण घेऊ."

"तो बरा आहे पण."

"म्हणूनच तर. लहान पोरांची हाडं अजून बनतायत, चुकलंय कुठे ते कसं कळणार? बऱ्या पायाशी लावून बघतात."

एप्रनचं ओझं खांद्यांवर उतरलं तशी ती गार, अंधूक खोली पाण्याखाली गेल्यासारखी झाली. बाहेर कल्याणच्या रस्त्यावरचे हॉर्न दूर दूर गेले, आणि त्यांच्या जागी ताशा वाजू लागला... एप्रिलमधली, मोहन्यातली जयंतीची मिरवणूक, आपली पांढरी साडी, लेकीचा पांढरा फ्रॉक, हवेत निळा गुलाल – आणि पाच वर्षांची सान्वी पावलाच्या बाहेरच्या कडेवर लंगडत, दोन्ही हात वर करून, "आई, उचल ना."

"नाटक बंद! सगळे बघतायत. बाकीची पोरं चालतात ना?"

हात धरून थेट विहारापर्यंत चालवली होती तिला. शेवटी शेवटी ती रडायची थांबली, आणि कल्पिताला वाटलं होतं, चला, आली एकदाची वळणावर.

"पाऊल पूर्ण टेकव हं," विकी म्हणाला.

सान्वीनं टेकवलं. ओठ तेवढे आत ओढले गेले.

मग पडद्यावर दोन पावलं शेजारी शेजारी तरंगू लागली, काळ्याशार पाण्यात उतरल्यासारखी. डाव्याच्या मधोमध एक गोलसर दाणा. उजव्यात त्याच जागी पांढरी चपटी चकती, पायाखाली आलेल्या बताशासारखी. सकाळी घरातून निघताना कल्पितानं मनात म्हटलं होतं, काही निघू नये. पोरीसाठी म्हटलं होतं? की आपलंच खरं ठरावं म्हणून? तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चालवल्यामुळे नाही झालेलं हे," पडद्याशी आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात कधीकधी त्या हाडाला रक्त कमी पडतं. काही आठवडे प्लास्टर घालू. वर्ष-दीड वर्षात भरून येतं, अगदी दुसऱ्या पायासारखं."

"आई, माझं दुखणं दिसलं?" सान्वीनं हळूच विचारलं.

"दिसलं गं."

प्लास्टरची खोली वरच्या मजल्यावर होती. जिन्याशी कल्पिता वाकली, दोन्ही हात पुढे केले. सान्वीनं आधी बाकावरच्या बायकांकडे पाहिलं, मग आईकडे.

"नको. सगळे बघतायत. चालते मी."

कल्पितानं तिला उचललीच. एप्रनपेक्षा थोडीच जड वाटली... पण अंग ताठ, आणि गळ्यात हात पडले नाहीत. भरून येतं, बाई म्हणाल्या होत्या – ते पायाचं. आणि हे? हे कशाशी लावून बघू मी, दुसरी सान्वी कुठून आणू... एकेक पायरी ती सावकाश चढत राहिली, उगाचच सावकाश, मानेवर त्या दोन हातांची वाट बघत.