बावीस वर्षं ‘ठीक’

मेकॅनिकला इंजिनाची भीती नव्हती, पंखांची नव्हती. होती ती खुर्चीची. फ्लाइंग क्लबात तो सांभाळायचा त्या जातीच्या छोट्या विमानात पायलटची खुर्ची रुळावर पुढेमागे सरकते, आणि तिला जागेवर धरते बोटभर लांबीची एक खिट्टी. ती झिजली, की विमान नाक वर करून चढायला लागताच खुर्ची सर्रकन मागे जाते. बसलेला माणूस आधारासाठी स्टिअरिंगच ओढतो आणि नाक आणखी वर जातं. पुढचं सांगायला कोणी उरत नाही.

आज त्याची लेक दुसऱ्या गावी, नव्या नोकरीत, तसलंच विमान उडवणार होती. तो पोचवायला म्हणून आला होता. खरं तर खुर्ची बघायला. पण परक्या माणसाला विमानाला हात लावायची मनाई होती.

“बाबा, मला शाळेत सोडायला आल्यासारखा चेहरा नका करू,” म्हणत लेक विमानात बसली आणि निघालीसुद्धा.

मग त्याने इथल्या मेकॅनिकला गाठलं. “खिट्टी रोज बघता ना?”

“पूर्वी बघायचो. मग सगळ्या क्लबांच्या नोंदी मागवल्या. तुमच्या क्लबची वही सगळ्यात जुनी. बावीस वर्षांत खिट्टीबद्दल एक ओळ नाही. म्हणून खिट्टी तपासणीच्या यादीतून काढूनच टाकली.”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ओळ असणार कुठून? आपल्या क्लबात खिट्टी झिजलेली दिसली की हा पठ्ठ्या गुपचूप नवी बसवायचा आणि वहीत लिहायचा, ‘ठीक’. खरं लिहिलं तर विमान आठवडाभर जमिनीवर आणि वर साहेबांची बोलणी. कोण नसतं लचांड मागे लावून घेणार? उलट आपल्या हाताचा त्याला कोण अभिमान!

“अहो, मी निदान चाळीस बदलल्यात! थांबवा तिला!”

इथल्या मेकॅनिकने घाईने वायरलेस उचलला. “तुझे बाबा खिट्टीचं काहीतरी म्हणताहेत. परत येतेस का?”

पलीकडून लेकीचं हसू आलं. “बाबांना सांगा, काळजी पुरे. क्लबच्या वहीत बावीस वर्षं ‘ठीक’ लिहिलंय, खाली सह्या त्यांच्याच आहेत. मी ते वाचूनच इथे आलेय.”

त्याने वायरलेस हिसकावला. ‘मी खोटं लिहिलं’ हे शब्द अगदी ओठांवर आले. पण धावपट्टीच्या टोकाला विमानाने नाक उचललं होतं. आता सांगितलं असतं, तर ती नुसती घाबरली असती. त्याने वायरलेस परत दिला.