डावी बाही

शिंपी म्हणून अप्पा दिव्यच होते. गप्पांच्या नादात कापड बेतायचे, त्यामुळे त्यांच्या हातच्या प्रत्येक कपड्याची डावी बाही दोन बोटं लांब. गिऱ्हाईक कुरकुरलं की शांतपणे म्हणायचे, "बाही बरोबर आहे, तुमचा हात आखूड आहे." ते गेल्यावर आईने घरात एक रीतच पाडली. त्यांच्या स्मृतिदिनी प्रत्येकाने त्यांनी शिवलेलं काहीतरी अंगात घालूनच जेवायला बसायचं. अप्पांचा टाका अंगावर आहे तोवर ते आपल्यातच जेवताहेत, असं ती मानायची.

आणि नेमकी यंदा दादाच्या कोटाला कसर लागली. कोट कसला, चाळणच झाली होती त्याची. दादाने तो गुपचूप धाकटीच्या टेबलावर आणून टाकला. अप्पांचं दुकान आता ही बहीणच चालवायची.

"आईला कळता कामा नये," दादा म्हणाला. "हाय खाईल ती."

धाकटीलाही तीच धास्ती होती. तिने तसलंच कापड पैदा केलं आणि कोट शिवायला घेतला. पण तिचा हात पडला सरळ. दोन्ही बाह्या तंतोतंत. उसवल्या, पुन्हा शिवल्या, पुन्हा तंतोतंत. मुद्दाम लांब बेतली, तर ती मुद्दाम लांब केल्यासारखीच दिसायला लागली. वाईट शिवण्यासाठी बिचारीने आयुष्यात कधी एवढा घाम गाळला नव्हता.

शेवटी तिने दादालाच समोर बसवलं. "गप्पा मार. अप्पांशी मारायचास तशा."

दादाने शेजाऱ्यांच्या भानगडींपासून सुरुवात केली. तीही रंगात आली. कात्री चालत राहिली, मशीन चालत राहिलं. कोट चढवून दादाने हात पुढे केला तर डाव्या हाताची बोटं बाहीत गडप.

"लांब झाली गं," तो सवयीने कुरकुरला.

"बाही बरोबर आहे, तुझा हात आखूड आहे," ती बोलून गेली.

स्मृतिदिनी आईने दादाला दारातच थांबवलं. बाही चाचपली, टाके डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. 

"छान शिवलायस," आई धाकटीला म्हणाली. "पुढच्या वर्षी माझं हे अंगातलं जाकीटही तूच शिव."

"पण हे तर अप्पांनी शिवलेलं ना?" धाकटीने विचारलं.

"ते केव्हाच विरलं. हे मी शिवलंय, दुपारी तुम्ही कामावर असताना." आईने स्वतःची डावी बाही ओढून पाहिली. "त्यांच्यासारखी काही बिघडत नाही बघ. तुला कसं जमलं?"

धाकटीला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. "गप्पा मारत शिवायचं, आई."

"दुपारी कुणाशी मारू गप्पा?" आई म्हणाली.

 धाकटीने आईची बाही सारखी केली.

"उद्यापासून दुकानात येऊन बस," ती म्हणाली. "तुझं जाकीट बिघडवायला घेऊ."