भुवयांचा होकार

अहवालातली ती ओळ वाचली आणि मालाएआचं डोकं सणकलं. 'तलाव ठेवावा का, या प्रश्नावर स्थानिक सामोअन रहिवाशांनी कोणतंही मत व्यक्त केलं नाही.' मत व्यक्त केलं नाही म्हणे! ऑकलंडच्या दक्षिणेला आयुष्य काढलेल्या कुणालाही विचारा. चर्चचा हॉल भरून सामोआ बेटांवरून आलेली माणसं जमलीत, आणि एकालाही मत नाही, असं आजवर कधी झालंय का?

मालाएआ तिथल्या एका छोट्या साप्ताहिकात वार्ताहर होती. वस्तीतला पोहण्याचा तलाव जुना झाला होता, वरचं छप्पर गळत होतं. तो दुरुस्त करायचा की कायमचा बंद करायचा, हे स्थानिक मंडळ गुरुवारी ठरवणार होतं. लोकांना विचारून यायला मंडळानं एक कंपनी नेमली होती, आणि हा त्या कंपनीचा अहवाल. संपादक डेसमंडला संध्याकाळपर्यंत बातमी हवी होती. मथळा तर त्यानं आधीच ठरवून ठेवला होता: 'तलावाचं कुणालाच सोयरसुतक नाही'.

"मी आधी मावशीला विचारून येते," मालाएआ म्हणाली.

"अगं, बातमी मावशीला विचारून लिहितात का?"

"तुम्ही माझ्या मावशीला भेटला नाहीत अजून."

फुआतिनो मावशीचा डावा पाय अर्धांगवायूच्या झटक्यात गेला होता. घरात ती काठी आणि कुणाचा तरी खांदा धरूनच हलायची, आणि त्यापायी दिवसभर चिडचिड करायची. पण सकाळी तलावात उतरली की ती एकटी, कुणाचाही हात न धरता, या काठापासून त्या काठापर्यंत चालायची. तलाव गेला तर ते चालणंही जाणार होतं. हे मालाएआला ठाऊक होतं, म्हणून तर ती आधी मावशीकडे धावली होती.

"मत दिलं नाही?" मावशी खुर्चीतून अर्धी उठलीच. "कोण म्हणतो तो मेला? अगं, त्या कंपनीचा तो रसेल नावाचा पोरगा आला, आम्ही त्याला पोटभर जेवू घातलं. डुकराचं मटण, नारळाच्या रसातले तारोचे कंद, वर घरी न्यायला बांधूनही दिलं. मग त्यानं विचारलं, तलाव हवा का? आम्ही हो म्हटलं. अख्ख्या हॉलनं!"

"मोठ्यानं?"

"तर काय! माझं कपाळ दुखलं इतकं."

"कपाळ?" मालाएआनं तिच्या कपाळाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, हो कसं म्हटलंत ते जरा दाखव बरं."

मावशीनं दोन्ही भुवया पार केसांपर्यंत वर नेल्या आणि खाली आणल्या. तोंडातून चकार शब्द नाही. आता सामोअन माणसाला 'हो' म्हणायला आणखी काय लागतं?

"आणि त्यानं पुन्हा विचारलं?"

"पुन्हा पुन्हा विचारत होता! मला वाटलं, बिचाऱ्याला कमी ऐकू येतं. शेवटी तर आम्ही भुवया वरच धरून ठेवल्या."

मालाएआ पोट धरून हसली. पण हसता हसताच तिला गुरुवार आठवला आणि हसू विरलं. "मावशी, मंडळापुढे येऊन हेच तोंडानं सांगशील?"

"इंग्रजीत? त्या टायवाल्यांपुढे? छे बाई!" घरात मावशीची तोफ दिवसभर धडाडायची, पण इंग्रजी समोर आलं की तिची पार गोगलगाय व्हायची.

मालाएआनं रसेलला फोन लावला.

"आठवतंय ना," तो म्हणाला. "सगळे माझ्याकडे चकित होऊन बघत होते. दातात काही अडकलंय का, ते आरशात बघून आलो मी."

"ते हो म्हणत होते."

"सगळे?"

"सगळे. भुवयांनी."

"अरे देवा," रसेल म्हणाला. "आणि मी त्यांच्याकडे जेवून आलो." गुरुवारी येऊन चूक कबूल करतो, असं तो आपणहून म्हणाला. पोरगा मनाचा वाईट नव्हता.

डेसमंड मात्र हटून बसला. "भुवयांची बातमी छापू? लोक मला वेड्यात काढतील!"

"कोण लोक? खाली बेकरीत जाऊन विचारा की, तलाव हवा का."

तो तणतणत खाली गेला. परत आला तेव्हा हातात गरम पाव होता, आणि बेकरीतल्या सामोअन गिऱ्हाइकांच्या भुवया एकसाथ वर गेलेल्या त्यानं पाहिल्या होत्या. खुर्चीत बसला आणि त्यानं गुपचूप मथळा बदलला.

गुरुवारी सभागृह खच्चून भरलं. रसेलनं उभं राहून सरळ सांगितलं की चूक माझी आहे, या लोकांनी उत्तर दिलं होतं, मला ते वाचता आलं नाही. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी मान हलवली. "समजलं. पण नियमाप्रमाणे कुणीतरी बोलायला हवं, तरच नोंद करता येते. कुणी बोलणार का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वडीलधाऱ्यांआधी कसं बोलायचं, या संकोचात बायका अडकल्या. आणि वडीलधारे इंग्रजीला बिचकले. वार्ताहरांच्या बाकावर बसून मालाएआला तोंड उघडता येईना. अध्यक्षबाई पुढच्या विषयाकडे वळणार, तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. मावशी शेजारणीचा खांदा धरून उभी राहिली होती.

"जमीन," ती इंग्रजीत म्हणाली, "मी पडते. पाणी, मी चालते. कुणी धरत नाही." पुढचा शब्द तिला सापडेना. ती ओठ चावत तशीच उभी राहिली, पण खाली बसली नाही. "तलाव बंद," ती म्हणाली, "मी बंद."

मग अध्यक्षबाईंनी मतं मागितली आणि एकेक करत सगळ्या सदस्यांचे हात वर गेले. तलाव राहणार होता, छप्पर दुरुस्त होणार होतं. मागच्या रांगांतून असा जल्लोष उठला की बाहेरचा पहारेकरी आत डोकावून गेला.

मालाएआ गर्दीतून वाट काढत मावशीपाशी पोचली. मावशीचं तोंड उतरलं होतं.

"इंग्रजी चुकलं ना गं माझं? 'मी बंद' असं कुणी म्हणतं का?"

"म्हणतात, मावशी," मालाएआ म्हणाली, आणि तिचा हात घट्ट धरून तिथेच, सगळ्यांदेखत रडली.