धन्याचा हात

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे, कर्जत स्टेशन ते खालापूर टांगा ओढणारा. रंगाने तांबडा, स्वभावाने थोडा हट्टी. दुसऱ्या महायुद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले आणि मोटारी बसून राहिल्या, तेव्हा माझा भाव भलताच वधारला होता. माझे धनी भिवाजी भाकरीचा पहिला तुकडा मला देत. त्यावरून त्यांची बायको बायजा त्यांना चिडवायची, "लगीन माज्याशी लावलंय का घोड्याशी?"

भाताची झोडणी चालू असताना माझा डावा डोळा दुखू लागला. सारखे पाणी गळे, पापणी उघडवत नसे, ऊन तर सोसवतच नसे. बुबुळावर निळसर धुके चढले.

"कुसळ गेलंय, दुसरं काय नाय," भिवाजी म्हणाले. बैलाच्या डोळ्यात काही गेले की आमच्याकडे तंबाखू चघळून तिची पिचकारी डोळ्यात मारतात. त्यांनी मायेने माझी मान कवटाळली आणि तेच केले. मित्रांनो, जी आग झाली ती सांगवत नाही. पाणी जास्तच वाहू लागले. त्यांना वाटले, घाण निघतेय. म्हणून ते रोज पिचकारी मारत राहिले.

डोळा पांढरा पडला, तेव्हा बायजाने हट्टाने आम्हाला जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवले.

"कुसळ नव्हतंच," डॉक्टर म्हणाले. "डोळा आतून सुजला होता. तंबाखूनं आणखी बिघडला. हा आता गेला. उजवा असा गळू लागला, तर त्याच दिवशी आणा."

"मीच घालवला रं तुजा डोळा," भिवाजी मला म्हणाले.

पुढे उजवाही गळू लागला. त्यांनी टांगा तसाच सोडून मला नेले. अंधाऱ्या गोठ्यात बांधले, कोमट फडक्याने शेकले, डॉक्टरांचे थेंब न चुकता घातले. तो डोळा वाचला.

पण अजूनही त्यांचा हात माझ्या तोंडाजवळ आला की माझी मान आपोआप मागे जाते. त्यांना वाटते, मी रागावलो आहे. ते हात खाली घेतात आणि लगाम बायजाकडे देतात. उरलेल्या डोळ्याने मला ते दिसते आणि माझे काळीज तुटते.

मित्रांनो, तुमच्या कुत्र्याचा, मांजराचा, घोड्याचा डोळा गळू लागला, उजेडात मिटू लागला, तर घरचे काही घालू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आम्हाला दुखते ते सांगता येत नाही. माफ केले आहे, हेही सांगता येत नाही.