विश्रामबागचं स्थळ

सुनेचं दुसरं लग्न लावून द्यायचं, हे आकाराम हवालदारांच्या मनात पक्कं झालं ते भावकीतल्या एका लग्नात. कासार ओट्यावर बसून बांगड्या भरत होता. बायका ओळीनं हात पुढं करत होत्या. बोलण्याच्या नादात त्यांच्या सुनेनं, संयोगितानंही केला. कासारानं तिच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं आणि पलीकडच्या बाईचा हात धरला. चटका बसल्यासारखा तिनं हात मागं घेतला. हवालदार दारातून हे बघत होते.

त्यांचा एकुलता एक मुलगा दादासो फौजेत होता. सिक्कीमकडं त्याची गाडी दरीत कोसळली तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. संयोगिता माहेरी गेली नाही. सासू-सासऱ्यांपाशीच राहिली.

हवालदारांनी बायकोपाशी विषय काढला, तर बनुबाई भडकल्या. "आवं, लोक तोंडात श्यान घालतील! भावकीत कुणी केलंय का असलं?" त्यानंतर त्यांच्यापुढं हा विषय निघाला नाही. ओळखीच्या कुणाला स्थळ विचारावं, तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं.

ते नव्व्याण्णव साल होतं. पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेले असताना पोवई नाक्यावर त्यांना सायबर कॅफेची पाटी दिसली. जिना चढून ते वर गेले. कॅफे चालवणाऱ्या प्रियदर्शनीनं त्यांना बाकावर बसवून पाणी दिलं.

"पोरी, ह्यात लग्नाची स्थळं बी असत्यात म्हनं?"

"असतात की, काका. काही ठिकाणी फुकट नाव घालता येतं."

"फुकट जमवून देतो म्हनणाऱ्यावर इस्वास कसा ठिवायचा?"

"तेच तर बघायला लागतं," ती म्हणाली आणि तिनं शोधायला घेतलं. फोनला जोडलेलं मोडेम किंचाळलं, पडदा हळूहळू भरू लागला. एक साइट फुकट म्हणायची आणि दुसऱ्याच पानावर पैसे मागायची. एक उघडताच प्रियदर्शनीनं घाईनं बंद केली. "ही नको." शेवटी एक साधीशी निघाली. पत्ता, फोन कुणाला दिसत नव्हता, चिठ्ठ्या साइटमधूनच यायच्या-जायच्या.

"ही बरी वाटते. पण काका, इथं कुणीही काहीही लिहू शकतं. माणूस आपणच जाऊन बघायचा."

संयोगिताला त्यांनी सांगितलं ते उसाला पाणी देताना. तिनं खोऱ्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं. मग म्हणाली, "आबा, फोटो न्हाई द्यायचा."

त्यांनी तेवढंच 'हो' समजलं.

चार-दोन चिठ्ठ्या आल्या, त्या प्रियदर्शनीनं छापून हवालदारांकडं दिल्या; त्यात एक सांगलीच्या जयराजची. विश्रामबागेत राहतो, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी, बायको आजारात वारली, मूलबाळ नाही. त्यानं विधवा असण्याबद्दल काही विचारलंच नव्हतं. जेवायला काय आवडतं, एवढंच विचारलं होतं. संयोगिता त्या प्रश्नाकडं बघतच राहिली. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मग शिवणाचं सामान आणायच्या निमित्तानं दर बुधवारी ती सासऱ्यांबरोबर साताऱ्याला येऊ लागली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला प्रियदर्शनीनं शिकवलं. हवालदार खाली चहाच्या टपरीवर थांबायचे. एकदा एसटीत खिडकीशी बसून ती स्वतःशीच हसली. त्यांनी मुद्दाम दुसरीकडं पाहिलं. हसणं विटून जाईल अशी भीती वाटली त्यांना.

दिवाळी झाल्यावर ते म्हणाले, "आता मी जाऊन येतो. घरदार बघतो, मग पुढचं."

"त्यांना कळवू?"

"नगो. न कळवता गेलं की खरं दिसतंय."

पत्ता जयराजनं तिला आधीच दिला होता. तो घेऊन हवालदार सांगलीला गेले. विश्रामबागेत एका बोळात खालच्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडंच होतं. खिडकीला लागून खाटेवर एक बाई पडली होती. कमरेखाली पांघरूण, केसांची नीट वेणी घातलेली.

"जयराजरावांकडं आलो हुतो," हवालदार म्हणाले.

"या की. मला उठता येत नाही, राग मानू नका. ते येतीलच आता. तुम्ही कॉलेजातले का?"

"तुमी कोन त्यांच्या?"

"मी मंडळी त्यांची." ती हसली. "दोन वर्षं झाली, पाय गेले माझे. सगळं तेच करतात. वेणीसुद्धा तेच घालतात, बघा. मीच म्हटलं, बुधवारी कंप्युटर शिकायला जात जा. माणसानं किती वेळ खाटेशी बसायचं? गेल्यापासनं जरा हसरे झालेत."

पाण्याचा तांब्या ती सरकवू बघत होती, हात पोचत नव्हता. हवालदारांनीच पुढं होऊन पाणी घेतलं.

जयराज आला. हातात औषधांची पिशवी. पाहुण्यानं गावाचं नाव सांगताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "चला, जरा बाहेर बोलू," तो कसंबसं म्हणाला.

बोळाच्या टोकाशी भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला. "डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. मला फसवायचं नव्हतं हो. पहिल्या दिवशी लिहून गेलो, मग खरं सांगायला जीभच उचलेना."

हवालदारांचा हात उठला होता. तो तसाच खाली आला. "आरं, माजं पोरगं चार वर्सं झाली जाऊन. आमी म्हातारा-म्हातारी आजून त्याला मेला म्हनत न्हाई. आन् तू जित्या बाईला मारलीस?"

जयराज तोंड झाकून रडायला लागला. हवालदारांना त्याचा संताप यायला हवा होता तेवढा आला नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. "तुज्या बायकूला काय सांगू नगंस," एवढं बोलून ते स्टँडकडं चालू लागले.

घरी पोचले तेव्हा संयोगिता अंगणात भांडी घासत होती. बनुबाई देवळात गेल्या होत्या. हवालदारांनी काही न लपवता सगळं सांगितलं. तिनं हातातली परात खाली ठेवली.

"बाई कशी हाय?" तिनं विचारलं.

"चांगली हाय. लय चांगली."

"आन् हे... ते करत्यात न्हवं तिचं?"

"करतोय. समदं करतोय."

राखेनं भरलेले हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. हवालदार म्हणाले, "दुसरं बघू, पोरी. प्रियदर्शनीला सांगतो. ह्या खेपंला आदी मानूस बघू, मग चिठ्ठी."

"नगो, आबा." तिनं बोटांवरची राख चोळली. "धनी गेले तवा समदा गाव दारात आला हुता. आता ह्याचं कुनाला सांगू? रडायचं म्हटलं तरी कुनाच्या नावानं रडू?"

तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं हवालदारांना वाटलं, पण तेवढंही जमलं नाही.

बनुबाई परतल्या. अर्धी घासलेली भांडी, सुनेचा चेहरा, नवऱ्याची खाली गेलेली मान, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. बुधवारचं शिवणाचं सामान कसलं, हे मात्र त्या कधीच्या ओळखून होत्या. त्यांनी पदर खोचला, सुनेच्या हातांवरची राख स्वतःच्या हातांनी धुतली आणि म्हणाल्या, "ऊठ बाई. आत जाऊन पड जा. भाकरी मी टाकते."

संयोगिता आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ उशीत दाबलेलं रडणं ऐकू येत राहिलं. बनुबाई पीठ मळत होत्या, हवालदार उंबऱ्यावर बसून होते, आणि दोघांपैकी कुणीही तिला गप्प करायला उठलं नाही.

पुढच्या बुधवारी साताऱ्याची गाडी फाट्यावर थांबून गेली. घरातून कुणी निघालं नाही.