तेरा मिनिटांतली चार

हार्लन फेरी गावच्या लोकांकडे रक्त मागा, चर्चच्या जेवणासाठी दहा ताटं ॲपल पाय मागा, चिखलात रुतलेली गाडी ओढायला दोर मागा, नाही म्हणणारा माणूस सापडायचा नाही. कर मागितला की मात्र अख्खं गाव बहिरं होतं. अग्निशमनाचा वाढीव कर दोन वर्षांत दोनदा मतदानाला टाकला आणि दोन्ही वेळा सपशेल आपटला. तेव्हापासून नदीच्या पश्चिमेचं तीन नंबरचं केंद्र आठवड्यातले चार दिवस कुलूपबंद असायचं. आता ही तिसरी आणि शेवटची खेप होती. याही वेळी लोक नाही म्हणाले तर केंद्र कायमचं बंद, असं नगरसभेनं सांगूनच टाकलं होतं. मतपत्रिका टपालानं घरोघर पोचल्या होत्या, आणि आज संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये जाहीर सभा होती.

सभेला अर्धा तास असताना कोरीन विडमर जिमबाहेर, गाड्या लावायच्या जागेत उभी होती. चौतीस वर्षांची कोरीन बंब चालवायची, बारा वर्षं चालवत होती. तिला सभेत बोलायचं नव्हतं. तिला डेल्मर हॉक यांना गाठायचं होतं, ते माईकसमोर जाण्याच्या आत. गाठून काय सांगायचं ते तिनं घरी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. हॉकबाई, लोइस हॉक, स्वयंपाकघरात कोसळल्या तेव्हा तीन नंबरच्या केंद्राला कुलूप होतं. तिथून त्यांचं घर चार मिनिटांवर. बंब निघाला तो पुलापलीकडच्या केंद्रातून आणि पोचला तेरा मिनिटांनी. तोवर डेल्मर, शहात्तर वर्षांचा माणूस, आपत्कालीन फोनवरची बाई सांगेल तशी बायकोची छाती दाबत होते. लोइस वाचल्या नाहीत. आता करासाठी झटणाऱ्या समितीच्या पत्रकावर लाल ठसठशीत अक्षरांत एवढंच होतं: ‘तेरा मिनिटं.’ आणि आज खुद्द डेल्मर बोलणार होते. हा माणूस बोलला की गाव पाघळणार, हे विरोधकांनाही कळत होतं.

पत्रकात नव्हतं ते एवढंच, की पुलापलीकडच्या केंद्रातून लोइसच्या दारापर्यंत नऊच मिनिटं लागतात. उरलेली चार कोरीननं घालवली होती.

पत्ता अल्डर स्ट्रीटचा सांगितला होता, कोरीन अल्डर कोर्ट नावाच्या गल्लीत वळली. अल्डर कोर्टमध्ये तिचा जन्म गेला होता. सायकल तिथंच शिकली, आई अजून तिथंच राहते. सलग दुसऱ्या दिवसाची ड्यूटी होती, डोळे मिटत होते. ‘अल्डर’ एवढंच कानावर पडलं आणि हात आपोआप घराकडे वळले. समोरच्या पडद्यावर नकाशा होता. पण आपल्याच आळीत नकाशा कोण बघतं? गल्ली पुढे बंद. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. एवढं मोठं धूड मागे मागे घेत बाहेर काढायला चार मिनिटं लागली. अहवालात लिहिलं गेलं, ‘अंतरामुळे विलंब.’

“तू इथं काय करतेयस?” मागून गस पेट्राकिस आला. तोच त्या दिवशी शेजारच्या सीटवर होता, बंबाचा कॅप्टन. आता समितीचाही म्होरक्या. हातात पत्रकांचा गठ्ठा होता.

“हॉकना सांगणार आहे.”

गसनं गठ्ठा गाडीच्या बॉनेटवर ठेवला. “आज? आठ महिने तोंड शिवून बसलीस आणि आज सुचलं तुला?”

“आठ महिने ते कुठं बोलणार नव्हते. आज बोलणार आहेत. माझी चूक झाकायला त्यांनी भाषण करायचं?”

“चूक, चूक! दोन दिवस झोप नव्हती तुला. माणसं का कमी आहेत? पैसा नाही म्हणून. केंद्र का बंद होतं? पैसा नाही म्हणून. म्हणजे ती चार मिनिटंसुद्धा त्यातच आली की नाही?”

हा हिशेब कोरीननं स्वतःशीच शंभर वेळा मांडून पाहिला होता. चुकीचा नव्हता तो. फक्त रात्री झोप येऊ देत नव्हता.

“गस, मी त्या आळीतली आहे. मला पत्ता चुकायला नको होता.”

“बरं. सांग. आणि मग ती कराच्या विरोधातली वर्ना प्लंकेट काय करेल? ‘बघा, यांना घर सापडत नाही आणि यांना पैसे हवेत!’ तुझी नोकरी जाईल ते वेगळंच. पश्चिमेकडच्या चार हजार माणसांचं केंद्र जाईल. तुझी आई तिकडेच राहते ना गं?”

“आईला मध्ये आणू नकोस.”

“मी नाही आणत. मतदानात कर आपटला की ती आपोआप मध्ये येईल.”

कोरीनला त्याचा राग आला, आणि तो खरं बोलतोय म्हणून जास्तच आला. तेवढ्यात हॉक यांची जुनी हिरवी पिकअप वळून आत शिरली. गसनं पत्रकं उचलली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेला. दार त्यानं जरा जोरातच लोटलं.

डेल्मर खाली उतरले. कोट जुना होता पण इस्त्रीचा, खिशातून घडी घातलेला कागद डोकावत होता. कोरीनला बघून त्यांचा चेहरा खुलला.

“अरे, विडमरांची पोर! लोइस तुझं नाव घ्यायची. म्हणायची, शाळेच्या खानावळीत मी सगळ्यांना बटाटे वाढायची एक डाव, या पोरीला दोन, नाहीतर ती रांगेतून हलायचीच नाही.”

आरशासमोर घोकलेलं सगळं कोरीन विसरली.

“मिस्टर हॉक, त्या दिवशी बंब मी चालवत होते.”

“ठाऊक आहे मला. तू आत आलीस तेव्हा बघितलं ना.”

“मी रस्ता चुकले. अल्डर कोर्टमध्ये वळले, आमच्या आळीत. नऊ मिनिटांत पोचायला हवं होतं. चार मिनिटं माझ्यामुळे गेली. अहवालात ते नाहीये. तुम्ही आत जाऊन बोलायच्या आधी तुम्हाला कळायला हवं होतं.”

डेल्मरनी पिकअपच्या दाराला हात टेकवला. आत जाणारं एक जोडपं त्यांना ‘गुड इव्हिनिंग’ म्हणून गेलं, त्यांना ते ऐकू गेलं नाही.

“भोंगा,” ते शेवटी म्हणाले. “मी भोंगा ऐकला होता. अगदी जवळ आला. मी लोइसला म्हणालो, आले बघ, आले. आणि मग तो लांब गेला. आठ महिने मला वाटतंय, माझ्याच डोक्यात वाजला असेल. डॉक्टरलासुद्धा विचारलं मी. म्हणाला, अशा वेळी होतात भास.”

“भास नव्हता तो.”

“चार मिनिटं?”

“चार.”

“ती वाचली असती?”

“माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही.” तिला रडू फुटत होतं, इथं रडायचा आपल्याला काय हक्क, म्हणून तिनं ते दातांखाली दाबून धरलं. “मला माफ करा असं म्हणायला मी आले नाही.”

“मग म्हणू नकोस,” डेल्मर म्हणाले, आणि तिला वळसा घालून आत गेले.

जिम गच्च भरली होती. कोरीन मागच्या भिंतीपाशी उभी राहिली. वर्ना प्लंकेट माईकवर होती. नदीकाठी तिचं लोखंडी सामानाचं दुकान, आणि तिची जीभ दुकानातल्या कोणत्याही करवतीपेक्षा धारदार. पण ती वेडी नव्हती. पेन्शनवर जगणाऱ्या बायका तिच्याकडे खिळे मोजून घेतात, हे ती रोज बघत होती.

“घरटी वर्षाला दोनशे डॉलर!” ती म्हणत होती. “आहे त्या करातून नवी हेल्मेटं आली, नवी गाडी आली, आणि केंद्राला कुलूपही आलं. आम्ही देत राहायचं आणि यांनी मागत राहायचं. आधी आहे त्यात नीट काम करून दाखवा, मग या!”

निम्म्या जिमनं टाळ्या वाजवल्या. मग डेल्मर हॉक यांचं नाव पुकारलं गेलं. पहिल्या रांगेत गस बसला होता. त्यानं मान वळवून कोरीनकडे पाहिलं. सांगितलंस का, असं त्याचे डोळे विचारत होते. तिनं होकाराची मान हलवली. गसनं पुन्हा पुढे पाहिलं आणि तोंडावरून हात फिरवला.

डेल्मरनी खिशातला कागद काढला, उलगडला, थोडा वेळ बघितला आणि परत घडी घातली.

“यात लिहिलं होतं, की केंद्र बंद होतं म्हणून बंब तेरा मिनिटांनी आला. ते पूर्ण खरं नाही. मला आत्ता बाहेर कळलं. त्यातली चार मिनिटं बंब रस्ता चुकल्यामुळे गेली.”

खुर्च्या करकरल्या. वर्ना जागेवरूनच ओरडली, “बघा! मी काय म्हणत होते? पैशाचं काही नाही, कामाचं आहे! यांना रस्ते शिकवा आधी!”

“वर्ना, तुझं बोलून झालं. आता माझी पाळी आहे.”

वर्ना बसली. तिला गप्प बसवणारा माणूस त्या गावात पहिल्यांदाच कुणी पाहिला असेल.

“छाती कशी दाबायची ते फोनवरची बाई मला सांगत होती,” डेल्मर म्हणाले. “मोजत होती ती. तेरा मिनिटं मी दाबत होतो. हातातलं बळ मधेच संपलं, मग मी कोपरानं दाबायला लागलो. तीन नंबरचं केंद्र उघडं असतं तर मला चार मिनिटं दाबावं लागलं असतं. म्हणजे नऊ मिनिटं जास्तीची. त्यातली चार रस्ता चुकल्याची. पाच कुलपाची.” त्यांनी माईकचा दांडा धरला. “ते कुलूप कुणी घातलं? मी घातलं. मागच्या दोन्ही वेळा मी नाही असं मत दिलं. लोइसनं हो दिलं. आमचं भांडण झालं त्यावरून.”

कोरीनला हे ठाऊक नव्हतं. गसलाही नसणार, कारण तो खुर्चीत ताठ झाला होता.

“ही पाच मिनिटं तुमची आणि माझी आहेत. ते कुलूप परत उघडता येईल, मतपत्रिकेचं पाकीट तुमच्या घरी येऊन पडलंय. ती चार मात्र एका माणसाची आहेत. ज्यानं घालवली त्यानं मला स्वतःहून येऊन सांगितलं, कुणी मागे लागलं नव्हतं. मी माफ केलेलं नाही. करेन असं आज तरी वाटत नाही. पण त्या चार मिनिटांचा हिशेब माझा आहे, वर्ना. ती पुढे करून तुम्ही तुमची पाच झाकायची नाहीत.”

टाळी कुणीच वाजवली नाही. डेल्मर माईकपासून दोन पावलं मागे सरले, पण जागेवर जायला रस्ता कुठून हे त्यांना सुचेना, तसे तिथंच उभे राहिले.

“कोण होतं ते?” मधल्या रांगेतून एका माणसानं विचारलं. “नाव तरी कळू दे!”

डेल्मरनी उत्तर दिलं नाही. गसची मान खाली होती. सभेच्या अध्यक्षबाईंनी हातोडी उचलली.

“मी,” कोरीन भिंतीपासून पुढे येत म्हणाली. आवाज फुटला, म्हणून ती पुन्हा म्हणाली, “मी होते. कोरीन विडमर.”

सगळी जिम मागे वळली. वर्नासुद्धा वळली, तोंड उघडं पडून. एकटे डेल्मर हॉक तेवढे वळले नाहीत; ते आधीपासूनच तिच्याकडे तोंड करून उभे होते.