एक पूर्णांक आठ

मनिषा अर्धी होती, आणि अर्ध्या माणसाला मुकादम ऊसतोडीला नेत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा आष्टीकडचा जुना हिशोब. सोमेश्वर मागच्या हंगामात उसाच्या ट्रकवरून पडून गेला, आणि जाताना बायकोलाही निम्मं करून गेला. उद्या ट्रक निघणार होता. त्यात चढायला मिळालं नाही तर म्हातारी सासू आणि सात वर्षांची संस्कृती यांना घेऊन रिकाम्या गावात बसायचं, एवढंच तिच्या हाती उरलं होतं.

"एखादा दीर-बिर न्हाई का?" रामकिसन मुकादमानं अंगणात उभं राहून विचारलं.

"असता तर तुमच्या पाया पडले असते का?"

तेवढ्यात सुरज आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. देशोदेशीच्या घरांत खर्चायला किती उरतं आणि लोक कसे जगतात, हे एकाच मापानं मोजायचं काम त्याच्याकडे होतं. यादीत नॉर्वे होतं आणि हे गावही होतं.

"घरात माणसं किती?"

"तीन."

सुरजनं बोट फिरवलं. "एक पूर्णांक आठ."

"कावून?" सासूनं, दगडाबाईनं, मागं वळून पाहिलं. "बाकीची कुठं गेली?"

सुरजनं समजावलं. घरातलं कर्तं माणूस एक. दुसरं मोठं माणूस अर्धं, कारण चूल एक, छप्पर एक, खर्च वाटला जातो. लेकरू तीन दशांश. "कर्त्या म्हणून आजींचं नाव घातलंय. त्या पूर्ण. ताई, तुम्ही अर्ध्या."

या दोघांनी आधीच ठरवून घेतलंय की काय, अशा नजरेनं मनिषानं मुकादमाकडं पाहिलं.

"नॉर्वेत गेले तरी अर्धीच?"

"तिथंही हेच माप."

म्हणजे जायचं भाडं तरी वाचलं.

रामकिसन मात्र टॅबवर ओणवा झाला होता. "दाखव बे. म्हातारी पूर्ण हाय व्हय? आन् ही अर्धी. म्हंजी दीड कोयता झाला की!"

"अहो, हे कोयते नाहीत, हे खर्चाचं—"

"मशीन खोटं बोलतं का?"

सुरज कंत्राटावर होता. "नाही," तो म्हणाला.

दगडाबाई गुडघ्यावर हात देऊन हळूहळू उठली. "मग मी येते. मी पूर्ण हाय."

"आत्या, तुमाला उभं ऱ्हावत न्हाई," मनिषा सासूला म्हणाली.

"उभं कशाला ऱ्हायचं? ऊस वाकूनच तोडत्यात. वाकलेली तर मी आधीच हाय."

मुकादमाला हे पटलं. उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, एका कोयत्याची मिळेल, वरचा अर्धा कुणी धरत नाही, असं त्यानं जाहीर केलं. मग त्याची नजर संस्कृतीवर गेली. "हे तीन दशांश पाणी भरील."

"तिची शाळा हाय," मनिषा म्हणाली.

"मी तीनच नेतोय, बाई. उरलेले सात जाऊ दे की शाळंत."

मनिषाला ट्रकमध्ये जागा हवी होती, ती मिळाली होती. तिनं मान हलवली. कुणाकडं बघून हलवली, हे तिचं तिलाही कळलं नाही.

सकाळी दगडाबाईला दोघांनी काखेत धरून ट्रकमध्ये चढवलं. ती गाठोड्यांमध्ये अशी बसली की गाठोडी कोणती, ते शोधावं लागावं. ड्रायव्हरनं हॉर्न मारला, तसा सुरज धापा टाकत आला. एक प्रश्न राहिला होता आणि त्याशिवाय टॅब पुढं सरकत नव्हता.

"ताई, सुट्टीत, वर्षातून एकदा तरी, सगळं घर मिळून आठवडाभर बाहेरगावी राहायला जाऊ शकता का?"

"सुट्टीचं म्हाईत न्हाई. बाहेरगावी सहा महिने ऱ्हातो."

"सगळे?"

मनिषानं वळून पाहिलं. म्हातारीच्या मांडीवर डोकं टाकून संस्कृती झोपली होती.

"औंदा सगळे."

पर्याय दोनच होते. सुरजनं 'होय' दाबलं.